फोर्टातली मार्टिनी आणि फ्रिजमधली बाटली

गेल्या पावसाळ्यापासून महिन्यातून दोनदा, शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर, मी फोर्ट, काळा घोडा आणि कुलाबा या परिसरातल्या बारमध्ये जाऊन एकच पेय मागवत आलो आहे : जिनची ड्राय मार्टिनी. ‘जिनची’ हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्याकडच्या मेनूकार्डावर लिचीपासून कॉफीपर्यंत जे जे त्रिकोणी ग्लासात ओतता येते, त्या सगळ्याला मार्टिनी म्हणण्याची पद्धत पडली आहे.

मूळ पेय अगदी साधे आहे. जिन आणि ड्राय व्हर्मूथ बर्फावर ढवळायचे, थंड ग्लासात गाळायचे आणि वर ऑलिव्ह किंवा लिंबाची साल द्यायची. चूक झाकायला त्यात साखर नसते की फळाचा रस नसतो. तरीही पहिल्या चार-पाच ठिकाणी मला जी मार्टिनी मिळाली, ती घशाखाली उतरवणे कठीण होते. एका ठिकाणी तर पहिल्याच घोटाला शिळ्या मनुकांचा आणि व्हिनेगरचा वास आला. मी तक्रार केली, तेव्हा वेटरने अत्यंत नम्रपणे सांगितले, “सर, इंपोर्टेड आहे.”

दोष जिनचा नव्हता. २०१७ नंतर गोव्यात तयार होऊ लागलेल्या जिनमुळे आता मध्यम दर्जाच्या बारमध्येही चांगली बाटली सापडते. दोष होता व्हर्मूथचा. व्हर्मूथ ही वनस्पतींचा अर्क आणि थोडे मद्यार्क घातलेली वाईनच असते, तिच्यात अल्कोहोल साधारण १६ ते १८ टक्के असते आणि बूच उघडल्यापासून हवेमुळे ती हळूहळू बिघडू लागते. फ्रिजमध्ये ती महिना-दोन महिने बरी राहते, पण आपल्याकडे ती रम आणि व्हिस्कीच्या शेजारी, दिव्यांच्या उजेडात आणि मुंबईच्या दमट हवेत फळीवर उभी केलेली असते. त्यात हिशेब असा की एका मार्टिनीला फार तर १५ मिली व्हर्मूथ लागते, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत पन्नास ग्लास होतात, आणि आठवड्याला दोनच गिऱ्हाईक मार्टिनी मागत असतील तर ती बाटली संपायला जवळजवळ सहा महिने लागतात. हा हिशेब कागदावर मांडल्यावर मी जिनचा ब्रँड विचारणे सोडून दिले आणि व्हर्मूथ कुठे ठेवता, एवढेच विचारू लागलो.

यावर काही बारनी स्वतःपुरता तोडगा काढला आहे : व्हर्मूथ जवळजवळ घालायचेच नाही आणि त्याला ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणायचे. माझ्या मते ती थंड केलेली जिन झाली. ६० मिली जिनला १५ मिली व्हर्मूथ हे प्रमाण मला सर्वांत जुळते.

बर्फाचे प्रकरण त्याखालोखाल. अर्धा मिनिट नीट ढवळल्यावर ग्लासात जवळपास पाव भाग पाणी उतरते आणि ते उतरायलाच हवे, कारण त्याशिवाय जिनचा तिखटपणा मोडत नाही. मात्र उघड्या बादलीतला, आधीच घाम फुटलेला बर्फ पेय थंड होण्याआधीच ते पाणचट करून टाकतो. हेरपटांच्या प्रभावाखाली शेकर खळखळवणाऱ्यांबद्दल मी अधिक लिहीत नाही.

ताजमधला १९३३ सालचा हार्बर बार मी या शोधात धरला नाही. तिथे जायला काही निमित्त लागते आणि मला कामाच्या दिवशी, लोकल पकडण्याआधी बसता येईल अशी जागा हवी होती.

ती सापडली फोर्टातल्या एका गल्लीत, जिथे बाहेरच्या पाटीवर ‘परमिट रूम’ हेच शब्द ठळक आहेत. “दादा, व्हर्मूथ कुठे ठेवता?” या माझ्या प्रश्नावर काउंटरमागच्या गृहस्थांनी काही न बोलता बिअरचा फ्रिज उघडला. बाटलीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बॉलपेनने उघडल्याची तारीख लिहिलेली होती. “महिना उलटला की आत देतो, कोळंबीत घालायला,” ते म्हणाले. त्यांनी ढवळून दिलेली मार्टिनी स्वच्छ, गार आणि किंचित कडसर होती. ऑलिव्ह मात्र मी नाकारले, कारण बरणीतल्या ऑलिव्हच्या पोटात लाल मिरची भरलेली होती. त्याऐवजी त्यांनी पिवळ्या, जाड सालीच्या लिंबाची पट्टी काढून दिली; आपल्या कागदी लिंबाची साल या कामाला फारच पातळ पडते.

तिसऱ्या खेपेला पट्टीवरची तारीख बदललेली दिसली. महिना तर उलटला नव्हता, म्हणून मी विचारले, “कोळंबीत गेली का?”

“नाही, संपली,” ते म्हणाले. “एक पारशी आजोबा रोज संध्याकाळी येतात. दोन घेतात.”