गुण्या सुटला, आणि तोही कागदावरून

शनिवारी गुण्या सुटला, म्हणजे गो या खड्यांच्या पटावरच्या खेळातलं माझं एक अडलेलं कोडं. ॲपमध्ये नाही, खऱ्या पटावर, समोर काका बसलेले असताना. त्यांचा कोपरा तीन बाय तीनचा, बाहेरून पूर्ण कोंडलेला. मी बरोब्बर मधल्या बिंदूवर खडा ठेवला आणि काकांचा हात वाडग्यातच थांबला. "अगं, हे कुठून काढलंस?" पुढे को लागला (एकमेकांचा एकेक खडा आळीपाळीने उचलायची झटापट, त्यात लगेच परत उचलता येत नाही), माझ्याकडे को-थ्रेट, म्हणजे समोरच्याला आधी दुसरीकडे उत्तर द्यायला लावणारी खेळी, एक जास्त होती, काकांचा कोपरा गेला. डाव मी शेवटी साडेतीन घरांनी हरले. पण त्या कोपऱ्यासाठी पाच महिने जीव टांगणीला लागला होता, म्हणून आज लगेच लिहायला बसले.

गुण्या म्हणजे कारपेंटर्स स्क्वेअर, हे जुन्या नोंदी वाचणाऱ्यांना माहीतच आहे. जपानीत याला इचिगोमासु म्हणतात. मासु म्हणजे धान्य किंवा साके मोजायचं चौकोनी लाकडी माप, आणि एक गो म्हणजे साधारण १८० मिली. आपल्या चिपट्या-मापट्याचं भावंडच. मला हे नाव जास्त आवडतं, कारण कोपरा खरंच त्या पेटीसारखा दिसतो. नऊ रिकामी घरं, दोन बाजूंना पटाची कड, दोन बाजूंना भिंत. 'गुण्याचा को होतो' ही म्हण सगळ्यांना पाठ असते. पण को कसा होतो, बाहेर एखादी लिबर्टी (खड्यांना लागून असलेली रिकामी जागा) मोकळी असली तर कुठली फांदी, म्हणजे खेळ्यांचा पर्यायी क्रम, बदलते, बचाव करणारा चुकीच्या बाजूने उतरला तर काय, हे विचारलं की बहुतेकांची गाडी तिसऱ्या खेळीवर अडते. माझीही तिथेच अडायची.

ॲपमध्ये मी हाच प्रश्न साठाहून जास्त वेळा 'बरोबर' सोडवला होता. आता कळतंय की सोडवत नव्हतेच. बोट आधी जायचं, विचार मागून यायचा. चुकलं की खडा लाल व्हायचा, मी दुसरीकडे टॅप करायचे, तिसऱ्यांदा हिरवा, पुढचा प्रश्न. फांद्यांचं झाड ॲपच्या पोटात होतं, माझ्या डोक्यात एकही फांदी नव्हती. फेब्रुवारीत असाच कोपरा प्रत्यक्ष डावात आला तेव्हा मी सरळ भिंतीलगत खेळले आणि समोरच्याचे खडे निवांत वाचले.

म्हणून मग छापील पुस्तक मागवलं. टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला जाऊन भिडला, तरी पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. कागदावर खडा हलत नाही, एवढीच त्याची ताकद. एकाच आकृतीत १ ते ९ आकडे छापलेले असतात आणि ती सगळी साखळी तुम्हालाच मनात एकेक खडा ठेवत चालवावी लागते. उत्तर पान उलटल्यावर. को परत घेतला की त्या बिंदूवर आधीच आकडा असतो, मग आकृतीखाली बारीक अक्षरात '७ हा ३ च्या जागी' अशी ओळ येते. सुरुवातीला ही ओळ मला छळायची. आता वाटतं, को खरा शिकवला तो या ओळीनेच. ३ उचलला गेला हे मनात दिसल्याशिवाय ७ बसतच नाही.

पण याच पुस्तकाने तीन संध्याकाळी खाल्ल्या. मुख्य आकृतीच्या दुसऱ्या फांदीत ८ वा खडा जिथे छापलाय तिथे त्याला लिबर्टीच उरत नाही. पटावर मांडून पाहिलं, आडवं पाहिलं, उभं पाहिलं. आकार कर्णावर सारखाच असल्यामुळे आरशातली बाजूही करून पाहिली. दुसऱ्या संध्याकाळी माझी खात्री झाली की मला को मुळातच कळलेला नाही. तिसऱ्या संध्याकाळी भावाच्या आयपॅडवर याच पुस्तकाची डिजिटल आवृत्ती उघडली, आणि तिथे ६ आणि ८ अदलाबदल होऊन बसलेले! छपाईची चूक, डिजिटलमध्ये दुरुस्त केलेली. शिसपेन्सिलीने माझ्या प्रतीत आकडे बदलले, पट मांडला, आणि एका दमात नवव्या खेळीपर्यंत गेले. त्या रात्री झोप लागेना इतका आनंद झाला होता.

त्यामुळे 'कागद की स्क्रीन' या आपल्या जुन्या वादात माझं मत आता असं झालंय, त्सुमेगो, म्हणजे अशी खडे जगतात की मरतात याची कोडी, कागदावर आणि पूर्ण डाव स्क्रीनवर. जुन्या काळातला जपानी गो खेळाडू शुसाकु याचा १८४६ चा 'कान लाल झाल्याचा डाव' मी छापील आकृत्यांवरून मांडायला घेतला होता. ३२५ खेळ्या. प्रत्येक आकृतीत आकड्यांची दाटी, ८३ शोधेपर्यंत ८२ कुठे ठेवला ते विसरायला होतं. ती प्रसिद्ध १२७ वी खेळी आली तेव्हा मी इतकी दमले होते की तिच्यातलं काहीच दिसलं नाही. तोच डाव ॲपवर पुढे-मागे करत पाहिला, आणि पटाच्या मधोमध पडलेल्या त्या एका खड्याची नजर चारही बाजूंना कशी जाते ते दहा मिनिटांत लख्ख दिसलं. तिथे कागदाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मांडणीसाठी युन्झी खडे वापरते, एका बाजूने सपाट असलेले. फांदी तपासताना 'हा खडा शंकास्पद' म्हणून उलटा ठेवता येतो. दोन्हीकडून फुगीर खडे दिसायला देखणे, पण अभ्यासाला मी हेच सुचवेन.

यापुढे पुस्तकातले सगळे कोपरे क्रमाने करायचे असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. घरात भाचीची गणिताची चौकटीची वही पडली आहे. प्रत्येक प्रश्न आधी त्यात हाताने काढायचा, आकडे घालायचे, जितक्या फांद्या सुचतील तितक्या. त्यानंतरच एसजीएफमध्ये, म्हणजे गोचे डाव साठवायच्या फाइलमध्ये, भरायचं. एसजीएफ शेवटी साधी मजकुराची फाइलच, कंस उघडला की नवी फांदी. मग वही आणि फाइल शेजारी ठेवून पुस्तकाशी ताडून पाहायचं. जी फांदी माझ्याकडे नाही तीच लाल शाईने. क्रम सोडून देते, आधी गुण्याचीच भावंडं.

पहिलं पान आत्ताच आखलं. तीन बाय तीन, पण यावेळी बाहेर एक लिबर्टी मोकळी. मधला बिंदू मारलाय, बचावाची पहिली खेळी दोन जागी शक्य दिसतेय, आणि त्यातल्या एकीत मी पाचव्या खेळीला अडकले आहे. उत्तर माहीत असलं तरी कुणी इतक्यात सांगू नका, रविवारपर्यंत थांबा.