एवढ्याशा गावात जुनं जपतं कोण?

पुण्याला आले की हा प्रश्न हमखास येतो. फ्रान्समधल्या तुमच्या गावात जेमतेम शंभर माणसं, दुकान नाही की बस नाही. मग ते बाराव्या शतकातलं चर्च, पाव भाजायची सामायिक भट्टी, धुणं धुवायची दगडी कुंडं, हे सगळं सांभाळतं कोण? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

सांभाळतं गावच. 1905 साली फ्रान्सनं धर्म आणि शासन वेगळं केलं, तेव्हापासून जुनी चर्चं ग्रामपालिकेच्या मालकीची ठरली. प्रार्थनेला ती खुली, पण छप्पर गळालं तर बघायचं सरपंचानं. आमच्याकडे पाद्री येतो तो अधूनमधून, कारण त्याच्याकडे कितीतरी गावं. पाऊस मात्र नेमानं येतो! म्हणून ग्रामपालिकेच्या बैठकीत, चर्चला कधीही न जाणारी माणसंसुद्धा छपराच्या पाट्यांच्या दरावर तासभर बोलतात. मला हे फार आवडतं. पैसे सरकारी अनुदानातून येतात, थोडे देणग्यांतून. अशा देणगीवर करात घसघशीत सूट मिळते. 2018 पासून तर वारसा-जतनासाठी खास लॉटरीही निघते.

आमचा जिल्हा क्रूज, फ्रान्सच्या मध्यभागाजवळचा. ग्रॅनाइटची घरं, कुरणं, तांबूस लिमुझाँ गायी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जिल्ह्यात पावणेतीन लाखांहून जास्त लोक होते. आता सव्वा लाखही नाहीत. जमीन हलकी, म्हणून इथले पुरुष वसंत ऋतूत गवंडीकामाला पॅरिसला चालत जायचे आणि हिवाळ्यात परतायचे. मार्तँ नादो त्यांतलाच. 1815 चा जन्म, चौदाव्या वर्षी बापाबरोबर पायी पॅरिसला गेला आणि 1849 मध्ये खासदार झाला. पुढे रेल्वे आली, तसे लोक बायकापोरांसकट तिकडेच राहू लागले. पॅरिसच्या ज्या इमारतींसमोर आपले पर्यटक फोटो काढतात, त्यांतल्या कितीतरी या रिकाम्या होत गेलेल्या गावांच्या हातांनी बांधल्यात.

उरलेल्यांतले कितीतरी पहिल्या महायुद्धानं नेले. फ्रान्सचे सुमारे चौदा लाख सैनिक गेले आणि जवळपास प्रत्येक गावात स्मारक उभं राहिलं. आमच्या दगडावर एकाच आडनावाची तीन नावं आहेत. दर 11 नोव्हेंबरला, म्हणजे ते युद्ध थांबलं त्या दिवशी, ती मोठ्यानं वाचली जातात. आमच्याच जिल्ह्यातल्या जाँतियूच्या 1922 च्या स्मारकावर एक पोरका मुलगा मूठ आवळून उभा आहे आणि खाली कोरलंय, ‘युद्धाचा धिक्कार असो’. देशभर विजयाचे पुतळे उभे राहत असताना हे कोरायला छाती लागते. 11 नोव्हेंबरला मला खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंत्यांची तुकडी, हेही आठवतात. ऑक्टोबर 1914 मध्ये ते उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेल गावात लढले. तिथल्या स्मारकावर, ज्यांची कबरही नाही अशा साडेचार हजारांहून जास्त हिंदी सैनिकांची नावं आहेत. पॅरिसला येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसानं एक दिवस काढून तिथं जावं.

रोजचं जगणं मात्र साधं. पाववाल्याची गाडी हॉर्न वाजवते तेव्हा बाहेर यायचं. ग्रामपालिकेचं ऑफिस आठवड्यातून दोनदा अर्धा दिवस उघडं. उन्हाळ्यात जुनी भट्टी पेटते, तेव्हा लाकडं कुणी आणायची, पीठ कुणी मळायचं हे न सांगता ठरलेलं असतं. शहरातून सुट्टीला येणारे कोंबड्याच्या आरवण्याची तक्रार करतात. ओलेराँ बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्यावर तर खटला झाला, आणि 2019 मध्ये तो जिंकला! मग 2021 मध्ये संसदेनं कायदाच केला: गावाकडचे आवाज आणि वास हाही वारसा.

मला विचाराल तर आज छपराहून मोठी काळजी शाळेची. शेजारच्या गावांबरोबर मिळून आमची एक शाळा चालते आणि पट घसरला की वर्ग बंद होण्याची टांगती तलवार असते. चर्चला देणगी मिळते. पोरंबाळं असलेलं कुटुंब इथं टिकायला नोकरी, डॉक्टर, चांगलं इंटरनेट लागतं. रिकाम्या घरांपैकी दोन ग्रामपालिकेनं विकत घेऊन दुरुस्त करावीत आणि तरुण जोडप्यांना कमी भाड्यानं द्यावीत, असं पत्र आम्ही काही जणांनी सरपंचबाईंना दिलंय. पुढच्या बैठकीत तो विषय आहे.