शाकारणी आणि नमुना 8
आज आत्याबरोबर ग्रामपंचायतीत गेलो होतो. माजघरावरचे वासे वाळवीने खाल्लेत, पावसाआधी कौलं उतरवून शाकारणी करावीच लागणार. घरकुल योजनेचे पैसे नव्या पक्क्या घराला मिळतात, डागडुजीला नाही. मग उरला जिल्हा परिषदेचा सेस फंड, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला निधी. त्यातले 20 टक्के मागासवर्गीयांसाठी राखीव असतात, आणि आम्ही त्यात बसतो.

पण नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, घराला नाव अजून आजोबांचं! म्हणजे सगळ्या वारसांची संमतीपत्रं हवीत. वारस विरार, डोंबिवली, नालासोपाऱ्यात. गणपतीला येतात, तेव्हा गळून गळून भिंती ओल्या झालेल्या असतात. (कोकणातलं कुठलं घर एकाच्या नावावर असतं म्हणा!)

आत्या बाहेर आल्यावर म्हणाली, "ते कागद होतील तवा होतील. तू आधी सुताराला फोन लाव."