आयजीएलचा घसा बसला त्या दिवशी

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला आमची क्वालिफायरची मॅच होती, आणि सकाळी उठलो तर आवाजच फुटेना. आदल्या रात्री लक्ष्मी रोडवर ढोलाच्या वर आवाज काढून 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडलो होतो, त्याची ही पावती. आईने मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळद-दूध असं सगळं एकामागोमाग लावलं. दुपारपर्यंत घोगरा का होईना, आवाज येईल असं वाटत होतं. आली ती नुसती हवा.

व्हॅलोरंट म्हणजे पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा कॉम्प्युटर गेम. एक टीम अटॅकवर असते, ती ए, बी अशा ठरलेल्या जागी, म्हणजे 'साइट'वर, 'स्पाइक' नावाचा बॉम्ब लावते; दुसरी डिफेन्सवर, ती अडवते किंवा लावलेला स्पाइक डिफ्यूज, म्हणजे निकामी, करते. हाफनंतर बाजू बदलतात. तो खेळणाऱ्या एका छोट्या टीमचा मी आयजीएल आहे, म्हणजे इन-गेम लीडर. महिन्याला ठरलेले पैसे मिळतात म्हणून मी याला नोकरी म्हणतो. घरचे अजून 'तुझं ते गेमचं' असंच म्हणतात. पाच जणांत नेम सगळ्यात बेताचा माझा. मला ठेवलंय ते बोलायला. पुढच्या राऊंडला काय करायचं, कुठल्या साइटवर जायचं, कधी थांबायचं, कधी माघार घ्यायची, पैसे कधी उधळायचे आणि कधी दाबून ठेवायचे, हे सगळं मी बोलतो आणि बाकीचे चौघं करतात. निदान तोवर मला तसंच वाटत होतं.

कुजबुजून काम भागेल म्हणून दुपारी चाचणी घेतली. व्हॉइस अॅपचं नॉइज सप्रेशन कुजबुजीला पंख्याची घरघर समजत होतं. ते बंद केलं तर पंखा ऐकू यायचा आणि मी नाही. शेवटी ग्रुपवर टाइप केलं: 1 म्हणजे डिफॉल्ट, आपला नेहमीचा खेळ, 2 म्हणजे एवर दोन बाजूंनी, 3 म्हणजे बीवर सुसाट, 4 म्हणजे मिडमधून सावकाश. राऊंड सुरू होण्याआधी मी चॅटमध्ये आकडा टाकेन, पुढचं तुमचं तुम्ही बघा. नागपूरच्या आमच्या सोव्हाने (जो जे पात्र खेळतो तेच त्याचं नाव) उत्तर दिलं, "म्हणजे आज सुट्टी आहे का बे?"

पहिला मॅप, म्हणजे खेळाचं मैदान, असेंट. आधी डिफेन्स. तिसऱ्या-चौथ्या राऊंडला सोव्हाचा रिकॉन बाण, म्हणजे आसपासचे शत्रू दाखवणारा, बी मेनमध्ये, बीकडे येणाऱ्या वाटेत पडला आणि दोघं दिसले. "बी मेन, दोन," तो म्हणाला. मग शांतता. कुणी काही बोलेना. एवर उभा असलेला भोपाळचा गडी तीनेक सेकंद जागचा हलला नाही, आणि मला समजलं की हा माझी वाट बघतोय. रोजचंच होतं हे. माहिती आली की सगळे माझ्या होकारासाठी थांबायचे, आणि तो होकार मी इतका पटकन द्यायचो की मधली थांब मला कधी जाणवलीच नव्हती. तो राऊंड आम्ही हरलो. त्यानंतर मात्र त्याने थांबणं सोडलं. सोव्हा 'बी' म्हणेपर्यंत हा स्पॉनमधून, म्हणजे आमच्या सुरुवातीच्या जागेतून, पलीकडे निघालेला असायचा.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. मला पावलं ऐकू येत होती. व्हॅलोरंटमध्ये धावणाऱ्याची पावलं वाजतात आणि सावकाश चालणाऱ्याची वाजत नाहीत, त्यामुळे निम्मा खेळ कानांचा आहे. एरवी माझ्या कानात माझाच आवाज घुमत असायचा. त्या दिवशी कॅटवॉक नावाच्या वाटेवरची दबकी धाव ऐकून मी धूर टाकला आणि कोपऱ्यातून दोघांना टिपलं. असं मी महिनोन्महिने केलं नव्हतं.

पण असेंटचा लक्षात राहिलेला राऊंड दुसऱ्या हाफमधला. आम्ही अटॅकवर होतो. एवर स्पाइक लावला, मग एकेक करत चौघं गेलो. उरली आमची जेट, म्हणजे हैदराबादचा एकोणीस वर्षांचा पोरगा, एकटा ए मेनमध्ये. समोर दोन. स्पाइक लावल्यापासून 45 सेकंदांनी फुटतो. डिफ्यूज करायला 7 सेकंद लागतात, आणि साडेतीन सेकंदांपर्यंत पोचला की तेवढं काम जमा राहतं. मेलेले खेळाडूही टीमशी बोलू शकतात. एरवी अशा वेळी मी कानीकपाळी ओरडत असतो. डिफ्यूजची पहिली 'टिक' झाली. माझं तोंड उघडलं. 'करतोय, करतोय, जा!' एवढं सगळं घशापर्यंत आलं आणि हवा होऊन निघून गेलं. पोरगा हलला नाही. टिक थांबली. ती हूल होती. समोरचा त्याला बाहेर काढायला बघत होता आणि दुसरा मेनवर बंदूक रोखून बसला होता. पुन्हा टिक. या वेळी ती थांबेना. पोरगा मनात मोजत असावा. मग चाकू हातात घेऊन पाच पावलं सावकाश चालला, बाहेर पडला आणि दोन गोळ्यांत दोघं आडवे. हेडफोनमध्ये सगळे ओरडत होते. मी टेबलावर हात आपटत होतो आणि विचार करत होतो, असे किती राऊंड मी या पोराच्या कानात बोलून घालवले असतील.

असेंट 13-8. दहा मिनिटं मी फार खुशीत होतो.

दुसरा मॅप हेवन, तीन साइट्सचा. हाफला आम्ही 7-5 ने पुढे. मग डिफेन्सवर 9-9, आणि पुढचा राऊंड हरून 9-10. इथे पैशाचं थोडं सांगायला हवं. पूर्ण तयारीला, म्हणजे रायफल 2900 आणि मोठं कवच 1000, असे 3900 क्रेडिट्स लागतात. हरलेल्या टीमलाही पैसे मिळतात: पहिल्या हारेला 1900, सलग दुसऱ्या हारेला 2400, तिसऱ्या हारेला 2900. आमच्या दोघांकडे चार हजारांवर होते, तिघांकडे दोन हजारांच्या आसपास. अशा वेळी निर्णय एकच: कुणीही काही घ्यायचं नाही. तो राऊंड सोडला की 2400 येतात आणि पुढच्या राऊंडला पाचही जण रायफल घेऊन उभे. एरवी हे मी 'सेव्ह, सगळे सेव्ह' असं दोन सेकंदांत म्हणतो.

मी चॅटमध्ये टाइप केलं. पण खरेदीला मिळतात 30 सेकंद, आणि खरेदीचा मेन्यू उघडला की चॅटकडे कोण बघतं? शिवाय दिवसभर त्या चॅटमध्ये माझे आकडेच येत होते, त्यांना वाटलं नेहमीचा 1 असेल. दोघांनी रायफली घेतल्या. त्या बघून बाकीच्या दोघांनी होते तेवढ्या पैशांत स्पेक्टर, म्हणजे स्वस्तातल्या बंदुका, घेतल्या. टाइमआउट त्या मॅपवर उरला नव्हता. मी खुर्चीत उभा राहून स्क्रीनकडे हातवारे करत होतो. आई दारात येऊन बघून गेली.

हरलो, 9-11. आता त्या चौघांचे खिसे रिकामे, 2400 येऊनही तीन हजारांच्या आतच. मग झक मारत सेव्ह, 9-12. एक राऊंड सोडायला हवा होता तिथे दोन गेले. पैसे आल्यावर दोन राऊंड जिंकलो, पण ते वरातीमागून घोडं. 11-13.

मधल्या ब्रेकमध्ये मी टाइप करत सुटलो, आणि आमचा किलजॉय इचलकरंजीचा आहे, तो म्हणाला, "थांब की जरा. पैसे मी बघतो." हा पोरगा मॅचभर दहा वाक्यं बोलत नाही. वडिलांचे यंत्रमाग आहेत. सुताचं देणं-घेणं, मजुरांचे पगार याच्याकडेच असतं, हे मला माहीत होतं आणि तरी दोन वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं. तिसऱ्या मॅपवर, बाइंडवर, प्रत्येक राऊंडआधी त्याने न चुकता हिशेब सांगितला. "सेव्ह. पुढच्याला सगळ्यांचे साडेचार." एकदा भोपाळच्या गड्याने विकत घेतलेली बंदूक त्याने परत करायला लावली. इतक्या करड्या आवाजात मीही कधी बोललो नव्हतो.

बाइंड आम्ही 10-13 असा हरलो. पैशात कुठे चूक नव्हती. समोरची पोरं नेमात आमच्यापेक्षा सरस होती, बस्स. सगळ्याच हारेला कारण शोधू नये.

रात्री झोप येईना म्हणून आदल्या आठवड्यातल्या स्क्रिमचं, म्हणजे सराव मॅचचं, रेकॉर्डिंग लावलं आणि वही घेऊन माझं एकेक वाक्य लिहीत बसलो. राऊंड 100 सेकंदांचा. पहिल्याच राऊंडला एकतीस वाक्यं. त्यातली नऊ, सोव्हाने जे सांगितलं तेच पुन्हा. सहा, मेल्यावर जिवंत माणसाला दिलेले सल्ले. चार नुसती 'ओके ओके'. खेळावर ज्यांचा काही परिणाम झाला असेल अशी मला पाच सापडली, आणि त्यातली तीन राऊंड सुरू होण्याआधीची होती. पुढच्या राऊंडला पाचाच्या जागी चार निघाली. सहाव्या राऊंडनंतर वही मिटली.

आवाज चौथ्या दिवशी आला. पैसे अजून इचलकरंजीकडेच आहेत. स्क्रिममध्ये मी मेलो की माइक बंद करतो, म्हणजे करायचा असतो, सोव्हा अधूनमधून ओरडतो, "विसर्जन झालं ना बे तुझं, आता गप बस!"