रिकाम्या नळीतला विषाणू

तो सील जेमतेम सहा महिन्यांचा होता. उत्तर समुद्राच्या जर्मन किनाऱ्यावर, डिसेंबरच्या थंडीत मरून पडलेला. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये किनाऱ्याच्या एकेका पट्ट्यासाठी नेमलेली माणसं असतात. आजारी सील उपचाराला न्यायचा की त्याला तिथेच वेदनेतून सोडवायचं, हे ती ठरवतात. त्यांच्यापैकी एकाने तो आमच्या प्रयोगशाळेत पोचवला. आमच्या कोकणात सील नाहीत. मी पहिला सील पाहिला तो असाच, शवविच्छेदनाच्या टेबलावर.

मेलेल्या सीलकडे इथे कोणी सहज म्हणून बघत नाही. १९८८ आणि २००२ साली डिस्टेंपर या साथरोगाच्या विषाणूने युरोपात दर वेळी २० हजारांहून जास्त सील मारले. दोन्ही साथी डेन्मार्कच्या अनहोल्ट बेटापासून सुरू झाल्या. २०१४ साली पक्ष्यांकडून आलेला एच१०एन७ इन्फ्लुएन्झा. या पिल्लाच्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या, तेव्हा फुप्फुसाचा तुकडा माझ्याकडे आला: यात आणखी काही आहे का, बघ.

पीसीआरला काय शोधायचं ते आधी सांगावं लागतं. आमच्या पद्धतीत तसं नसतं. ऊती वाटायची, बारीक गाळणीतून गाळायची, उघडे पडलेले डीएनए-आरएनए विकराने खाऊ द्यायचे. विषाणूंचे जनुक कवचात असल्याने बरेचसे वाचतात. मग उरेल ते सगळं सिक्वेन्सरवर, म्हणजे जनुकांची अक्षरं वाचणाऱ्या यंत्रावर. सोबत एक नळी नुसत्या पाण्याची, तिलाही तेच सगळे संस्कार. तिला आम्ही ब्लँक म्हणतो.

गाळूनही बहुतेक तुकडे सीलचेच निघाले. ते वजा केल्यावर संध्याकाळी एक लांब क्रम जुळून आला. पार्वो आणि सर्को या विषाणूंच्या दोन कुळांच्या मधला, दोन्हींचे अवशेष बाळगणारा. माझ्या तोंडाला कोरड पडली. नव्या विषाणूचं नावसुद्धा मनात तयार झालं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ब्लँकमध्ये बघितलंस?"

नव्हतं बघितलं. बघितलं तर तोच क्रम, अक्षरन् अक्षर तसाच, पाण्यात!

त्यांनी मग २०१३ सालची हकिकत सांगितली. हिपॅटायटिसच्या रुग्णांत सापडला म्हणून गाजलेला असाच एक विषाणू शेवटी जनुक वेगळे करण्याच्या किटमधल्या सिलिकाच्या चाळणीत निघाला होता. अशी सिलिका काही वेळा डायटम या शैवालाच्या कवचांपासून बनते, तेव्हा विषाणू त्या शैवालाचा असावा, असा संशोधकांचा तर्क होता. म्हणजे मी समुद्रातलंच काहीतरी शोधलं होतं कदाचित, पण सीलमधलं नव्हे.

त्या रात्री मी घरी गेले नाही. सापडलेल्या क्रमांची यादी पुन्हा वरून चाळली, या वेळी ब्लँक शेजारी उघडी ठेवून. खाली एक छोटा, वर्तुळाकार डीएनए होता, जेमतेम २ हजार अक्षरांचा. ॲनेलोव्हायरस या कुळातला विषाणू. कॅलिफोर्नियातल्या सीलमध्ये असे आधी सापडले आहेत, पण हा त्यांच्याशी अर्धवटच जुळत होता. ब्लँकमध्ये त्याचा एकही तुकडा नव्हता.

तरीही विश्वास ठेवायला मन धजेना. फ्रीझरमधून फुप्फुसाचा दुसरा तुकडा काढला. या वेळी चाळणीचं किट न वापरता फिनॉल-क्लोरोफॉर्मने डीएनए वेगळा केला. या विषाणूचाच क्रम पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, आले, पीसीआर लावला.

दरम्यान पॅथॉलॉजिस्टचा अहवाल आला होता: श्वासनलिकांमध्ये फुप्फुसकृमींचे गुंतवळ, त्यावर जिवाणूंचा न्यूमोनिया. लहान सील असे मरतात, नुसत्या डोळ्यांनी दिसेल असं कारण. ॲनेलोव्हायरस तर निरोगी माणसांच्या रक्तातही सर्रास असतात. माझ्या विषाणूने या पिल्लाला मारलं असं म्हणायला काहीच आधार नव्हता, आणि मी तसं लिहिलंही नाही.

पीसीआरचा निकाल दाखवणारी जेलची पातळ चकती दिव्याखाली धरली. सीलच्या रांगेत एक स्वच्छ, ठळक पट्टा. शेजारची ब्लँकची रांग पूर्ण काळी. मी आधी ती काळी रांगच बघत राहिले.