रोज एवढं रक्त आणता कुठून?

कृत्रिम फुप्फुसाच्या चाचण्या घेतो असं सांगितलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा पहिला प्रश्न हाच येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेक दिवस रक्त नसतंच. टाकीत पाणी असतं, नाहीतर मिठासारखी पांढरी भुकटी विरघळवलेलं पाणी.

ऑक्सिजनेटर, म्हणजे हेच कृत्रिम फुप्फुस: डब्यात दाटीने बसवलेले पोकळ तंतू. तंतूंच्या आतून ऑक्सिजन जातो, बाहेरून रक्त. साध्या पाण्यावर गळती कळते. ग्लिसरीन घालून ते रक्ताइतकं दाट केलं की पंपाला किती जोर लागेल तेही कळतं. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र पाणी पार फसवतं. 37 अंशांवरच्या 5 लिटर पाण्यात शुद्ध ऑक्सिजन सोडला तरी जेमतेम 120 मिलिलिटर मावतो. 100 मिलिलिटरला 12 ग्रॅम हिमोग्लोबिन असलेलं तेवढंच रक्त, त्यातलं ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन 65 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर जाताना, 280 मिलिलिटरच्या आसपास ओढून घेतं. तंतूतून बाहेर पडलेला ऑक्सिजन हिमोग्लोबिन लगोलग उचलतं आणि मागून येणाऱ्याला जागा होते. पाण्यात हा हमालच नाही.

म्हणून ती भुकटी, सोडियम सल्फाइट. बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन काढायला वापरतात तीच. ऑक्सिजन भेटला की तिचं सल्फेट होतं. किती खपलं ते बघायला मी आत जाणारा आणि बाहेर येणारा, असे दोन नमुने घेतो. मग आयोडीन, स्टार्च, ब्युरेट. थेट अकरावीचं प्रॅक्टिकल! शेवटच्या थेंबाला निळा रंग झटकन जातो, आणि तो थेंब जास्त पडला तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा घाईत नळाचं पाणी घेतलं आणि आकडे भलतेच वर गेले. पाण्यातल्या धातूंच्या अंशानेही ही क्रिया वेग घेते. दिवस वाया.

दोन डिझाइनपैकी सरस कोणतं, एवढं सल्फाइट सांगतं. पण त्याचा वेग हिमोग्लोबिनचा नाही, आणि घेतलेला ऑक्सिजन ते परतही देत नाही. त्यामुळे डॉक्टरांना द्यायचा आकडा रक्तावरच काढावा लागतो. त्या दिवशी पहाटे खाटीकखान्यातून, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन घातलेल्या कॅनमधून रक्त येतं, आणि वासाने निम्मी लॅब चहाला पळते. पंप सुरू झाला की परत येतात. आत जाताना जांभळट, बाहेर येताना लालभडक. मग सगळे त्या दुसऱ्या नळीकडेच बघत उभे राहतात.