तुम्ही विचारलंत म्हणून: इतके बग, तरी ‘घ्या’ का म्हणते?

मी व्हिडिओ खेळांची परीक्षणं लिहिते आणि त्यात बग, म्हणजे खेळातले तांत्रिक बिघाडही मोजते. त्यावर वाचकांचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो. "अर्धं परीक्षण तुम्ही बगांवर खर्च करता आणि शेवटी म्हणता, खेळ घ्या. आम्ही नक्की काय समजायचं?" कुणी रागाने विचारतं, कुणी खिशात हात घालण्याआधी काळजीने विचारतं. गेले काही महिने एकाच ऑनलाइन शूटरवरून, म्हणजे इंटरनेटवर इतरांशी खेळायच्या गोळीबाराच्या खेळावरून, हा प्रश्न इतक्यांदा आला की म्हटलं, एकदा बसून नीट उत्तर द्यावं.

खेळाचं नाव घेत नाही, कारण उत्तर त्या एकाच खेळापुरतं नाही. चौघांचं स्क्वॉड म्हणजे तुकडी, समोर तशीच आणखी पंधरा, एक मोठा नकाशा, मॅच साधारण २५ मिनिटांची. आतापर्यंत मी तो ६८ तास खेळले आहे. खेळताना शेजारी वही असते. काही बिघडलं की वेळ, जागा, काय झालं आणि मुद्दाम पुन्हा करून पाहिलं तर होतं का, एवढं लिहून ठेवते. त्या वहीत आज ४१ नोंदी आहेत. हा आकडा फार मोठा आहे. तरीही मी "घ्या" म्हटलंय आणि विचार करून म्हटलंय.

आधी आनंदाचं सांगते, कारण लोक तोच भाग भराभर वाचून पुढे जातात. या खेळात बंदुकीला वजन आहे. जड रायफल खांद्याला लागायला किंचित वेळ लागतो आणि तो वेळ हळूहळू हाताला पाठ होतो. लाकडी जिन्यावरची पावलं वेगळी वाजतात, लोखंडी शिडीवरची वेगळी. दहाबारा मॅच झाल्या की डोळे मिटूनही सांगता येतं, वरच्या मजल्यावर एक जण आहे की दोघं. प्रत्येक इमारतीत शिरायला तीन तरी वाटा आहेत, त्यामुळे कोपरा धरून बसणाऱ्याला कायम पाठीची धास्ती. हरलात तरी कशामुळे हरलात ते कळतं आणि लगेच पुढची मॅच लावावीशी वाटते. हे सगळं पॅचमधून, म्हणजे नंतर येणाऱ्या दुरुस्त्यांतून, मागाहून आणता येत नाही. एकही बग न सापडलेले खेळ मी खेळले आहेत, आणि त्यातले काही दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावेसेही वाटले नाहीत.

आता बग. ४१ पैकी निम्म्याहून जास्त नोंदी नुसत्या दिसण्यातल्या आहेत. मेलेल्या सैनिकाचा हात छतातून लोंबतो, हेल्मेट डोक्याच्या वर वीतभर तरंगतं, भर पावसात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. व्हिडिओ फिरतात ते असल्याच गोष्टींचे, आणि न खेळलेल्यांचं मत त्यांच्यावरूनच बनतं. यांचे गुण मी जवळजवळ कापत नाही. मी बघते ते एवढंच, की हा बग खेळणाऱ्याकडून काय काढून घेतो. चित्र बिघडलं तर खेळ पुढे चालू राहतो. पण न्याय गेला, वेळ गेला किंवा सोबत्याला वाचवण्याची संधी गेली, तर खेळायचं कशासाठी?

न्यायाची तक्रार सगळ्यात जास्त येते: "मी भिंतीमागे पोचलो होतो, तरी गोळी लागली." आणि गंमत म्हणजे हा बहुतेक वेळा बग नसतोच. मी हे धाकट्या भावाला बसवून तपासलं. खासगी लॉबी (मॅचआधी खेळाडू जमतात ती जागा), आम्ही दोघंच, दोघांच्याही स्क्रीनचं सेकंदाला ६० फ्रेमचं रेकॉर्डिंग. मी दारातून धावत आत शिरायचं, त्याने गोळी झाडायची.

"मी आत होते. पूर्ण आत," मी म्हटलं.

"नाही गं ताई, दारातच होतीस तू. डोकं दिसत होतं मला."

दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी लावली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. माझ्या स्क्रीनवर भिंतीआड जाऊन मला ११ फ्रेम झाल्या होत्या, म्हणजे १८० मिलिसेकंदांच्या वर. त्याच्या स्क्रीनवर मी खरोखरच दारात होते. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

याचं कारण अंतरात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर, म्हणजे सगळ्या खेळाडूंना जोडणारा संगणक, ६,००० किलोमीटरवर असेल तर नुसतं जाऊन यायलाच ६० मिलिसेकंद हवेत, आणि केबल कधी सरळ रेषेत टाकलेली नसते. त्यात सर्व्हरचा स्वतःचा ठोका. २०२० मध्ये आलेल्या व्हॅलोरंट या शूटरचे सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतात, म्हणजे साधारण दर ८ मिलिसेकंदांनी. २०१९ च्या एपेक्स लेजंड्समध्ये हाच ठोका सेकंदाला २०, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी. एवढ्या वेळात समोरचा माणूस पुढे निघून गेलेला असतो. म्हणून बहुतेक शूटरमध्ये सर्व्हर घड्याळ थोडं मागे नेतो, गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं ते तपासतो आणि त्यावर निकाल देतो. असं केलं नाही तर प्रत्येकाला माणूस सोडून त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेवर नेम धरावा लागेल. झाडणाऱ्याला न्याय दिला की पळणाऱ्याच्या वाट्याला थोडा अन्याय येतो, त्याला इलाज नाही. घड्याळ जास्तीत जास्त किती मागे न्यायचं हे मात्र बनवणाऱ्यांच्या हातात असतं, आणि या खेळात ती मर्यादा फार सैल आहे. २५० पिंगवाल्याचीही, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला २५० मिलिसेकंद लागणाऱ्याचीही, गोळी बिनबोभाट मान्य होते. ते मी परीक्षणात चुकीचा निर्णय म्हणून लिहिलं, बग म्हणून नाही. दोन्हींत फरक आहे, कारण हा निर्णय त्यांनी जाणूनबुजून घेतलाय.

खरा बग बघायचा असेल तर नोंद २२. चालत्या लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसावर गोळ्या झाडल्या की रक्ताचे शिंतोडे दिसतात, लागल्याचा आवाज येतो आणि त्याला काहीच होत नाही. भावाला लिफ्टमध्ये उभं करून मी २० वेळा करून पाहिलं. १७ वेळा तो धडधाकट बाहेर आला. शिंतोडे तुमचा संगणक लगेच दाखवून मोकळा होतो, जखम झाली की नाही हे सर्व्हर ठरवतो. लिफ्ट नेमकी कुठे आहे याबद्दल या दोघांचं एकमत नसावं, असा माझा अंदाज आहे. दोनच आठवड्यांत लोकांनी हे हेरलं आणि चढाओढीच्या मॅचमध्ये लिफ्टचा किल्ला झाला. इथे मी सढळ हाताने गुण कापले.

सोबत्याचं दुखणं म्हणजे नोंद १४, आणि वहीतली ही एक नोंद मी कधी विसरणार नाही. जखमी होऊन पडलेल्या गड्याला उचलायचं तर जवळ जाऊन बटण दाबून धरायचं असतं. दर चार-पाच वेळांत एकदा त्या बटणाचं चिन्ह उगवतच नाही. तुम्ही त्याच्या अंगाशी उभे, तो रांगतोय, त्याच्या डोक्यावरचे सेकंद कमी होतायत आणि तुम्हाला काहीही करता येत नाही. पहिल्या आठवड्यात मी असे तीन सोबती गमावले. मग एका रात्री स्क्वॉडमध्ये एक अनोळखी खेळाडू आला. आमच्यात समान अशी एकही भाषा नव्हती. तिसरा गडी पडलेला आणि मी त्याच्याभोवती नुसती घिरट्या घालतेय. या अनोळखी माणसाने माझ्या पायाशी खूण टाकली, समोर येऊन जमिनीवर पालथा झोपला, उठला, परत झोपला. बाहेर गोळीबार चालू असताना त्याने हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पालथी झोपले आणि चिन्ह आलं.

पुढे कळलं की ही युक्ती अशीच एकाकडून दुसऱ्याकडे सगळीकडे पसरली होती. मीही सात-आठ जणांना झोपून-उठून शिकवली आहे. दरवेळी समोरच्याने उचलल्यावर आनंदाने दोन उड्या मारल्या. हा सगळा चांगुलपणा खेळणाऱ्यांचा आहे, त्यातला अर्धा गुणही बनवणाऱ्यांच्या खात्यात जाता कामा नये. पूर्ण किंमत घेऊन विकलेल्या खेळात सोबत्याला उचलता येणं ही किमान गोष्ट आहे. बंदुकांच्या रंगीत स्किन विकणारं त्याच खेळातलं दुकान या काळात एकदाही अडलं नाही, दर आठवड्याला नवा माल येत राहिला. याची मला चीड आली होती. अजून आहे.

वेळ खाणारी नोंद ३. मॅच संपते, निकालाचा पडदा येतो आणि खेळ क्रॅश होतो, म्हणजे अचानक बंद पडतो. त्या मॅचची कमाई खात्यात जमाच होत नाही. माझ्याबाबतीत हे नऊ वेळा झालं. दिवसभर खेळू शकणाऱ्याला ते खपून जाईल. पण दिवसभराची कामं उरकून रात्री तासभर मिळणाऱ्या माणसाच्या दोन मॅच होतात, त्यातली एक अशी वाया गेली तर त्या दिवसाचं निम्मं खेळणं बुडालं. मला विचारणाऱ्यांत असेच लोक जास्त आहेत, म्हणून हा क्रॅश परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात होता.

"पण सुधारेल ना?" हा जोडप्रश्न. सुधारतात, उदाहरणं आहेत. बॅटलफील्ड ४ ऑक्टोबर २०१३ मध्ये आला तेव्हा क्रॅश आणि तुटणाऱ्या कनेक्शनने लोक वैतागले होते. हा खेळ सावरेपर्यंत पुढच्या कामांना हात लावणार नाही, असं त्याच्या कंपनीला त्याच वर्षी डिसेंबरात जाहीर करावं लागलं. २०१४ मध्ये त्यांनी खेळाडूंनाच चाचणीत सामील करून घेतलं आणि आज तो त्या मालिकेतल्या लाडक्या खेळांत मोजला जातो. रेनबो सिक्स सीज २०१५ च्या डिसेंबरातला. २०१७ मध्ये तो बनवणाऱ्यांनी नवीन गोष्टी पुढे ढकलून एक अख्खा हंगाम दुरुस्तीला दिला. हेलोचा मास्टर चीफ संग्रह नोव्हेंबर २०१४ मध्ये आला आणि त्यात धड मॅचच जुळेनात. मोठी डागडुजी झाली ती २०१८ मध्ये. चार वर्षं! पहिल्या दिवशी पैसे मोजलेल्या माणसाला त्या चार वर्षांचं काय सांगणार? म्हणून मी आश्वासनांवर गुण देत नाही. आज जे चालतं त्याचंच परीक्षण.

क्वचित उलटंही होतं. १९९८ च्या स्टारसीज: ट्राइब्समध्ये उतारावरून सारखं उडी मारत गेलं की वेग वाढतच जायचा. भौतिकीच्या हिशोबातली ती त्रुटी खेळाडूंनी आपलीशी केली, तिला 'स्कीइंग' म्हणू लागले, आणि मालिकेच्या पुढच्या खेळांत ती मुद्दाम ठेवली गेली. त्या बगाने कुणाचं काही काढून घेतलं नव्हतं, उलट सगळ्यांच्या पायांना चाकं दिली होती.

एक चूक माझीही सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात एका शूटरचं परीक्षण मी विक्रीच्या आदल्या दिवशी दिलं होतं. परीक्षकांसाठी उघडलेल्या सर्व्हरवर आम्ही मोजके लोक, सगळं लोण्यासारखं चाललेलं. दुसऱ्या दिवशी खरी गर्दी आली आणि लॉबी उघडेनाशी झाली. माझ्या भरवशावर घेतलेल्यांची पत्रं मी एकेक करून वाचली. तेव्हापासून ऑनलाइन खेळावर विक्री सुरू झाल्यानंतर आठवडाभर तरी मी मत देत नाही, आणि सकाळ, संध्याकाळ, मध्यरात्र अशा वेगवेगळ्या वेळी खेळून बघते. लवकर लिहा म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर असतं.

मग हा खेळ कुणी घ्यावा? दोन-तीन ओळखीचे सोबती असतील तर जरूर. चौघं एकत्र असताना पडलेला गडी उचलला गेला नाही तरी उरलेल्यांचा आवाज कानात असतो आणि ती रात्र फुकट जात नाही. एकटे खेळणार असाल, किंवा रँक हाच तुमचा आनंद असेल, तर लिफ्टचा बग जाईपर्यंत थांबा. रोज तासभरच मिळत असेल तर क्रॅशचं बघून ठरवा, आणि पैसे परत मिळण्याची मुदत आधी वाचा. तिच्या आत चार मॅच निकालापर्यंत खेळून पाहा.

गेल्या आठवड्यातल्या पॅचमध्ये उचलण्याचा बग गेला. मी ३० वेळा तपासलं, चिन्ह दरवेळी आलं, आणि नोंद १४ वर रेघ मारली. त्याच रात्री एका मॅचमध्ये मी पडले. धावत आलेला अनोळखी गडी माझ्याजवळ पोचला, आधी पालथा झोपला आणि मग त्याने मला उचललं. नोंद ३ आणि २२ अजून तशाच आहेत. गेल्या की परीक्षणात तारखेसह लिहीन.